मर्यादेचा भार: तापलेले इंजिन, कर्ता आणि भोक्ता

प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादात सॉक्रेटिस ‘अमर्याद’ म्हणजे काय हे समजावून द्यायला निघतो, तेव्हा तो पहिले उदाहरण घेतो ते ‘अधिक उष्ण’ आणि ‘अधिक थंड’ या जोडीचे. उष्णतेला स्वतःचा असा मुक्काम नाही. कितीही तापलेल्या वस्तूहून अधिक तापलेली वस्तू कल्पिता येते, आणि जोवर ‘अधिक’ व ‘उणे’ एवढ्याच भाषेत विचार चालतो तोवर कोठेही ‘एवढे पुरे’ असे म्हणता येत नाही. या अमर्यादात संख्या, प्रमाण आणि माप यांचा प्रवेश झाला म्हणजेच आरोग्य, संगीत, ऋतुमान यांसारख्या सुव्यवस्थित गोष्टी उत्पन्न होतात, असे तेथील प्रतिपादन आहे. या मांडणीत मर्यादा ही शक्तीच्या वाटेतील धोंड राहत नाही, तर शक्तीला रूप देणारे तत्त्व ठरते. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी माणसाने अग्नीला धातूच्या पोकळीत कोंडून त्याच्याकडून काम करून घेण्याची विद्या साधली, आणि तो जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला: मर्यादा वस्तूच्या स्वभावातच असते की ती कोणीतरी घालून दिलेली असते, आणि घालून दिलेली मर्यादा पुढे सरकवली तर त्याचे फळ कोणाच्या वाट्याला येते? कारखान्यातून आलेल्या मोटारीच्या इंजिनात फेरफार करून तिची ताकद वाढवण्याचा जो उद्योग आज ‘मॉडिफिकेशन’ किंवा ‘ट्यूनिंग’ या नावाने सर्वत्र चालतो, तो या प्रश्नाच्या विचाराला फार उपयोगी पडतो, कारण त्यात मर्यादेचे प्रत्यक्ष रूप तापमान हे असते आणि तिचे उल्लंघन अंशांत मोजता येते.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन मागेपुढे सरकतो त्यात, ज्वलनाच्या वेळी वायूचे तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो तो मात्र 600 अंशांच्या आसपासच वितळतो. ज्या पात्रात आग पेटते ते पात्र त्या आगीत टिकू नये अशी ही स्थिती आहे. तरी ते टिकते, कारण ज्वाला क्षणभरच असते, धातूला लगटून वायूचा एक पातळ व तुलनेने थंड थर राहतो, आणि भिंतीत शिरलेली उष्णता पलीकडून वाहणारे कूलंट व पिस्टनच्या तळावर उडणारे तेल अखंड वाहून नेत असते. इंधनातील ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात: एकाचे काम होते, एक शीतन-व्यवस्थेवाटे म्हणजे मुख्यतः रेडिएटरमधून हवेत जातो आणि एक एक्झॉस्टमधून तापलेल्या धुराबरोबर बाहेर पडतो. यातील वाया जाणारा वाटा कमी करता येतो, शून्य करता येत नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने 1824 साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या ग्रंथात हे तत्त्व प्रथम मांडले गेले की उष्णतेपासून सतत काम मिळवायचे तर एक उष्ण आणि एक थंड अशी दोन स्थाने लागतात. थंड स्थानाकडे काही उष्णता सोडून दिल्यावाचून कोणतेही उष्णता-इंजिन चालत राहू शकत नाही.

येथे एका मोहापासून दूर राहणे आवश्यक आहे. इंजिनालाही काही सोडून द्यावे लागते, म्हणून त्याग हा विश्वाचा नियम आहे आणि म्हणून मनुष्याने त्यागी असावे, असा उपदेश या तत्त्वातून काढणे सोपे असले तरी तो युक्तिवाद टिकत नाही. इंजिन उष्णता सोडते कारण त्याला दुसरा मार्गच नसतो, आणि ज्याला दुसरा मार्ग नाही त्याच्या कृतीला त्याग म्हणत नाहीत. ‘असे असते’ या विधानातून ‘असे असावे’ हे विधान आपोआप निघत नाही, हा डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिलेला मुद्दा येथेही लागू आहे. निसर्गनियम कर्तव्य सांगत नाही. तो एवढेच दाखवतो की मनुष्याच्या निवडीला वाव कोठे आहे आणि कोठे नाही, आणि नीतिविचाराला खरे तर तेवढेच ज्ञान त्याच्याकडून हवे असते.

मॉडिफिकेशनचा विचार उष्णतेच्या आधिक्यापासून सुरू करण्याचा प्रघात आहे, परंतु उणेपणाही तितकाच घातक असतो. थंड इंजिनात तेल दाट असते आणि सांध्यासांध्यांत वेळेवर पोहोचत नाही. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, जास्त इंधन सोडतो, आणि त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते. अधिक दाब सोसण्यासाठी बसवलेले घडीव, म्हणजे फोर्ज्ड, पिस्टन बहुधा अशा मिश्रधातूचे असतात जो तापल्यावर अधिक प्रसरण पावतो, म्हणून ते मुळातच थोडे सैल बसवावे लागतात आणि इंजिन तापेपर्यंत सिलिंडरच्या भिंतीवर आपटत राहतात. इंजिन जितके अधिक शक्तिशाली केले तितका सुरुवातीचा धीर अधिक लागतो. शिवाय डॅशबोर्डवरील काटा पाण्याचे तापमान दाखवतो, आणि पाणी 90 अंशांच्या जवळ पोहोचले तरी तेल मागेच रेंगाळत असते, ही गोष्ट जाणकार सोडले तर फारसे कोणी ध्यानात घेत नाही. थंड म्हणजे सुरक्षित अशा समजुतीने काही जण लवकर उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, बसवतात. तापमान फार खाली राहिले तर ईसीयू इंजिनाला अजून थंडच समजतो, इंधन वाढवतो आणि झीजही वाढते. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, या गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचाराशी हे वर्तन जुळते असे म्हणता येईल. परंतु गीतेतील ‘युक्त’ हा मध्यबिंदू गणिताने काढलेला नाही, तो त्या-त्या देहाच्या आणि कार्याच्या संदर्भात ठरतो, आणि इंजिनाचेही तसेच आहे: पाण्याला 90 अंश, तेलाला 100च्या आसपास, आत येणाऱ्या हवेला मात्र जितके कमी तितके बरे, असे एकाच यंत्रातील प्रत्येक द्रव्याचे प्रमाण वेगळे असते.

हवेची गोष्ट सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण मॉडिफाइड गाडीचे बहुतेक यश आणि बहुतेक अनर्थ तेथेच घडतात. इंजिनाची ताकद मूलतः दर फेरीला किती प्राणवायू आत येतो यावर ठरते, आणि तापलेली हवा विरळ असते. 30 अंशांच्या हवेऐवजी त्याच दाबाची 60 अंशांची हवा आत घेतली तर तेवढ्याच जागेत सुमारे 9 टक्के हवा कमी बसते. टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या वेगावर फिरणारा आणि हवा दाबून आत ढकलणारा पंखा, हवेचे प्रमाण वाढवतो खरा, परंतु दाबलेली हवा तापते. 30 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती व्यवहारात सव्वाशे अंशांच्या घरात पोहोचते, म्हणून वाटेत इंटरकूलर, म्हणजे ती हवा पुन्हा थंड करणारा रेडिएटर, लागतो. हवा पुरेशी थंड झाली नाही तर नॉकिंगचा धोका उभा राहतो. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाला सिलिंडरमध्ये पसरत असता पलीकडच्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप भडकते, त्यातून दाबाच्या तीव्र लाटा उठतात आणि धातूवर आपटतात, त्याला नॉकिंग म्हणतात. या लाटा धातूला लगटून असलेला तो पातळ थंड थर विस्कटून टाकतात. ज्या थरामुळे पिस्टन आजवर वाचला तोच नाहीसा झाला की उष्णता धातूत अधिक वेगाने शिरते, तापलेला धातू पुढच्या फेरीतील मिश्रणाला आणखी तापवतो, आणि नॉकिंग स्वतःलाच वाढवत जाते. प्लेटोने ज्याला अमर्याद म्हटले त्याचे याहून स्पष्ट उदाहरण यंत्रविद्येत क्वचितच सापडेल.

आधुनिक ईसीयू हा धोका ऐकून घेतो. नॉक-सेन्सर नावाचा भाग धातूतील कंपने टिपतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो; ताकद घटते पण पिस्टन वाचतो. तापलेल्या हवेत, घाटाच्या चढणीवर किंवा शर्यतीच्या चौथ्या-पाचव्या फेरीत मॉडिफाइड गाडी पहिल्यासारखी धावेनाशी होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. परंतु ठिणगी उशिरा पडली की पिस्टनवर न खर्चलेली उष्णता धुरात जाते आणि एक्झॉस्ट व टर्बो अधिक तापतात. ते तापू नयेत म्हणून इंधन वाढवले तर त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, पण अपुरे जळालेले इंधन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडते. ट्यूनिंगमधील प्रत्येक उपायाची हीच तऱ्हा आहे. एका ठिकाणची मर्यादा सैल केली की तिचा भार दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि तो भार पिस्टनकडून टर्बोकडे, टर्बोकडून धुराकडे, धुराकडून हवेकडे असा सरकत असताना यंत्राची कड ओलांडून केव्हा बाहेर पडतो हे गाडी चालवणाऱ्याला जाणवतही नाही.

1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही टर्बो मोटार विक्रीस आणली, तिच्यात हा प्रश्न फार प्रामाणिकपणे सोडवलेला होता. सव्वादहा पट आकुंचन असलेल्या इंजिनावर टर्बो चढवला होता, आणि नॉकिंग टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळोवेळी भरायची होती. टाकी रिकामी झाली तर एक झडप टर्बोचा दाब आपोआप कमी करी. मर्यादा पुढे नेल्याची किंमत येथे उघड दिसत होती आणि ती फेडण्याचे काम ज्याला वेगाचा आनंद मिळतो त्याच्याकडेच ठेवले होते. अनेक मालकांनी टाकी भरली नाही, आणि 1963 नंतर ही गाडी बंद झाली. या अपयशाकडे केवळ व्यापारी चूक म्हणून पाहणे अपुरे ठरेल. शक्ती हवी पण तिची देखभाल नको, ही वृत्ती त्यातून दिसते, आणि अशा वृत्तीला बाजार जे उत्तर देतो ते बहुतेक वेळा किंमत डोळ्यांआड करण्याचे असते.

ते उत्तर खरे तर चार दशके आधीच सापडले होते. 1921 च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अगदी अल्प प्रमाणात मिसळले तर नॉकिंग थांबते. अल्कोहोलनेही नॉकिंग आवरते हे तेव्हा ठाऊक होते, परंतु शिसे स्वस्त होते, थोडेच लागे, आणि त्याचे पेटंट घेता येत होते. 1924 साली न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या पाच कामगारांचा विषबाधेने मृत्यू झाला, तरीही पुढील अर्धशतक जगभरच्या इंजिनांची तापमानाची मर्यादा शिशाच्या बळावर पुढे सरकत राहिली. ते शिसे रस्त्याकडेच्या धुळीत, हवेत आणि लहान मुलांच्या रक्तात साठत गेले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचे दुष्परिणाम होतात हे सिद्ध झाल्यावर देशोदेशी ते बंद करण्यात आले. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल 2000 साली आले, आणि मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता, जेथे ते 2021 मध्ये थांबले.

भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्ताची चर्चा करताना दोन दोष सांगितले आहेत, जे कोणत्याही नीट विचारात राहू नयेत. केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते नष्ट होणे हा ‘कृतनाश’, आणि जे कर्म आपण केलेच नाही त्याचे फळ वाट्याला येणे हा ‘अकृताभ्यागम’. क्षणभंगवादी बौद्धांवर इतर दार्शनिकांनी हाच आक्षेप घेतला होता, कारण करणारा क्षण वेगळा आणि भोगणारा क्षण वेगळा असेल तर न्याय कोठे राहिला? बौद्धांनी त्याला आपल्या परीने, कार्यकारणाच्या अखंड प्रवाहाच्या आधारे, उत्तर दिले. परंतु शिशाच्या इतिहासात हे दोष तर्कातले न राहता प्रत्यक्ष घडले आहेत. वेगाचा लाभ एकाला आणि शिशाचा परिणाम रस्त्याकडेच्या घरातील, गाडीत कधीही न बसलेल्या मुलाला, अशी ही विभागणी आहे, आणि तिचे समर्थन पुढच्या-मागच्या जन्मांच्या आधाराने करणे म्हणजे कर्मसिद्धान्ताचा अपमान करणे होय. तो सिद्धान्त दुसऱ्यावर ढकललेले दुःख त्याचेच ठरवण्यासाठी मांडलेला नाही. कर्त्याने आपले कर्म आपलेच म्हणून ओळखावे हा त्याचा नैतिक गाभा आहे.

या दृष्टीने पाहता मॉडिफिकेशन चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. बंद ट्रॅकवर स्वतःच्या इंजिनावर दाब वाढवून पिस्टन वितळवणारा मनुष्य उधळा असेल, अविचारी असेल, पण कर्ता आणि भोक्ता तेथे एकच आहे, आणि त्याच्या धाडसाला नैतिक आक्षेप घेण्यास फारशी जागा नाही. उलट धातू कोठवर साथ देतो हे शोधण्यात एक खरी जिज्ञासा असते आणि तिचा आदर केला पाहिजे. याउलट धुराला अडथळा नको आणि टर्बोजवळची उष्णता कमी व्हावी म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारी जाळी, काढून टाकणारा आपल्या इंजिनाचा ताप शब्दशः लोकांच्या फुप्फुसांत नेऊन ठेवतो. इंजिनाची ताकद येथे थोडी वाढते आणि शिक्षा अनोळखी माणसाला होते. शक्ती किती वाढली याहून, उष्णतेचा भार शेवटी कोणावर गेला, हे विचारल्याने या दोन कृतींतील भेद स्पष्ट होतो.

हा हिशोब दरवेळी इतका सरळ नसतो, आणि महाराष्ट्राला ते विशेष जाणवावे. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषते आणि नॉकिंगलाही सहजासहजी दाद देत नाही, म्हणून ट्यूनिंग करणाऱ्यांना ते प्रिय आहे, जरी लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. मिजलीने बाजूला सारलेला मार्ग आज पुन्हा मोकळा झाला आहे आणि राज्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल बनवतात. सिलिंडरमधला हा थंडावा विषारी नाही, ही मोठी गोष्ट आहे. तरीही ऊस हे अतिशय पाणी पिणारे पीक आहे, आणि ज्या मराठवाड्यात साखर कारखाने उभे राहिले त्याच मराठवाड्यातील लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या टंचाईची कारणे अनेक होती आणि सगळा दोष उसावर टाकणे अन्यायाचे होईल, परंतु इंजिनाचा ताप शेतातल्या पाण्याने निवतो तेव्हा ते पाणी कोणाच्या वाट्याचे होते हे विचारण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही.

उष्णता वस्तूत नेमका बदल कोठे घडवते, याविषयी न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांत एक जुना वाद आहे, आणि त्याचा येथे अनपेक्षित उपयोग होतो. भट्टीत घातलेला काळा घट लाल होतो. वैशेषिकांच्या मते अग्नीचा परिणाम परमाणूंवरच होतो, म्हणून घट आधी परमाणूंपर्यंत विघटित होतो, एकेका परमाणूचा रंग बदलतो आणि मग नवा घट जुळून येतो. या मताला पीलुपाकवाद म्हणतात, कारण पीलू म्हणजे परमाणू. नैयायिकांच्या पिठरपाकवादाप्रमाणे घट सच्छिद्र असतो, उष्णता त्याच्या आत शिरते आणि संपूर्ण घट आहे तसाच राहून त्याचा रंग पालटतो. कारण घट खरोखर विघटित झाला असता तर त्याच्यावर रचलेले दुसरे घट कोसळले असते, आणि भट्टीतून निघालेला घट तोच आहे असे कोणी ओळखले नसते. नैयायिकांचा हा आक्षेप सबळ आहे आणि वस्तूची ओळख टिकते असे मानण्यात व्यवहाराचे हित आहे. परंतु एकदा अतिशय तापून थंड झालेल्या इंजिनाच्या बाबतीत वैशेषिकांची दृष्टी अधिक खोल जाते असे म्हणावे लागते. ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, जी कठीणता विशिष्ट उष्णतोपचाराने दिलेली असते ती अति तापाने कमी होते. हेड किंचित वाकते, त्याखालील गॅस्केटची, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या पातळ थराची, पकड सुटू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तोच घट, तोच रंग दिसतो.

कायदा मुख्यत्वे बाहेरून पाहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या 52व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली असा निर्णय दिला की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. बॉडी, चाके, आवाज यांतील फेरफार नाक्यावरच्या तपासणीत दिसू शकतो, पण ईसीयूमधील आज्ञावली बदलून, म्हणजे रीमॅप करून, टर्बोचा दाब वाढवला तर गाडीच्या अंगावर काहीच खूण उमटत नाही. आणि गाडी विकण्याची वेळ आली की अनेकदा मूळ आज्ञावली पुन्हा घातली जाते; इंटरकूलर पहिला, एक्झॉस्ट पहिला, कागदपत्रे निर्मळ. घेणारा कुटुंबवत्सल गृहस्थ असेल, तर त्याच्या हाती असे इंजिन येते ज्याच्या धातूने कित्येक वेळा आपली सीमा ओलांडलेली आहे, आणि पुढे एखाद्या उन्हाळ्यात चढणीवर गॅस्केट फुटते तेव्हा तो आपल्या नशिबाला दोष देतो. पहिल्या मालकाने वेग भोगला, धोका आणि खर्च दुसऱ्याच्या माथी आला, आणि तसे व्हावे म्हणून पुरावा जाणूनबुजून पुसला गेला. शिशाच्या प्रकरणात परिणाम निदान दूरवर आणि हळूहळू पसरला होता. येथे तो समोर बसलेल्या, नाव-गाव ठाऊक असलेल्या माणसाच्या माथी मारला जातो, म्हणून हे कृत्य लहान असूनही अधिक गंभीर मानले पाहिजे. ज्याने इंजिनाची मर्यादा स्वतःच्या इच्छेने सरकवली, त्याने ती किती आणि किती काळ सरकवली हे विकत घेणाऱ्याला पैसे घेण्यापूर्वी सांगणे बंधनकारक मानावे, मग तसा कायदा असो वा नसो, आणि त्यामुळे गाडीची किंमत उतरली तर ती उतरलेली किंमत हाच त्याने घेतलेल्या वेगाचा उरलेला हप्ता समजावा.